एकोणीस शुक्रवार

आमच्या हॉलच्या भिंतीवर, माझ्या आईवडिलांच्या फोटोंशेजारी, एक खिळा वर्षभर रिकामा होता. तो मीच ठोकला होता, बायको गेल्यानंतर चौदाव्या दिवशी. फोटो लावणं मात्र जमेना. आणि मी फोटोग्राफर. या गावातल्या कितीतरी घरांतली गेलेली माणसं मीच भिंतीवर चढवली आहेत, हार घालण्याजोगी करून. शेजारपाजारचे यायचे, खिळ्याकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि कॉफी पिऊन निघून जायचे. कोणी काही विचारत नसे, तेच जास्त लागायचं.

मी कुंभकोणमचा. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ, असं आमचं पिढ्यानपिढ्या चाललंय. माझी मराठी नाशिकच्या व्याह्यांना जुन्या दस्तऐवजातली वाटते. म्हणून हा मजकूर मुलीनं, सुधानं, धुऊन इस्त्री करून दिला आहे. घरातलं बोलणं तेवढं जसं झालं तसं राहू दे, असं मी तिला सांगितलं. धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असं एका दिवाळी अंकाचं पत्र आलं होतं. गमती आहेत, त्या सांगतो. पण त्या सांगता सांगता मी कुठे जाऊन पोचणार आहे ते मला आधीच माहीत आहे.

फोटोग्राफर लग्नांवर जगतो असं लोकांना वाटतं. ते खरंच आहे, पण लग्नाला मुहूर्त लागतो, मरणाला लागत नाही. आषाढातसुद्धा स्टुडिओ उघडा ठेवायला लावणारं काम म्हणजे गेलेल्या माणसाचा फ्रेमफोटो. माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा एकट्याचा धड फोटो काढावा असं कोणाला सुचत नाही. गेल्यावर दुसऱ्या दिवशी मुलगा सुजलेल्या डोळ्यांनी दुकानात येतो, हातात कुठल्यातरी लग्नाचा ग्रुप फोटो. त्यात मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून आई डोकावत असते. "सार, एवढीच आहे."

दारासुरम्‌चा एक विणकर असाच आला होता. आईचा अर्धाच चेहरा, उरलेला अर्धा मावशीच्या अंबाड्यामागे. मी तरुण होतो, अंगात हुशारी फार. दिसत होता तो अर्धा उलटा करून दुसऱ्या बाजूला जोडला, सांधा ब्रशनं मिटवला आणि स्वतःवरच खूश झालो. विणकर न्यायला आला. बराच वेळ बघत राहिला. मग भीत भीत म्हणाला, "सार, अम्माला एकाच गालावर तीळ होता." मी दुसरा तीळ खोडून दिला. तो माणूस पुढे तीस वर्षं दर पोंगलला दुकानात येऊन मला त्या तिळाची आठवण करून देत असे.

पण तीळ किरकोळ. सगळ्यांची मागणी एकच असायची: गाल भरून द्या. शेवटच्या आजारात माणूस वाळतो, आणि तसा तो भिंतीवर नको असतो. फिल्मच्या काळात ते पेन्सिलीचं काम होतं. निगेटिव्ह एका उतरत्या काचेवर ठेवायचं, खालून उजेड, वर भिंग. त्यावर आधी एक वार्निश चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गालातला खड्डा तिथे पारदर्शक दिसतो. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं तेवढ्या जागेवर बारीक बारीक वळणं काढत जायचं. छापल्यावर तिथली सावली जाते आणि गाल वर येतो. मी एका दुपारी माणसाला पाच-सहा किलो चढवू शकत असे. डॉक्टरांना जमलं नाही ते मी केलं, असं एक म्हातारा माझ्या तोंडावर म्हणाला होता. मी ते बरेच दिवस मिरवलं.

तिरुनीलक्कुडीची एक बाई नवऱ्याच्या एकुलत्या एक फोटोचं निगेटिव्ह घेऊन आली होती. तो वर्षभर खंगून गेला होता. "चांगला भरून द्या," म्हणाली. मी सढळ हातानं भरला. ती घेऊन गेली आणि महिन्यानं फ्रेम पदरात गुंडाळून परत आली. "हा माणूस चांगला आहे," म्हणाली, "पण माझा नाही." मग तिनं विचारलं, खाली होता तो परत काढता येईल का. निगेटिव्हवर मी इतकं रगडलं होतं की पुसायला गेलो तर ओरखडा पडला. दुसरा फोटो तिच्याकडे नव्हता. तिनं माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नाही. मी संध्याकाळी वर घरी जाऊन बायकोला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तिचा नवरा दोनदां नेलांत तुम्ही." दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

बायकोचं नाव अंबू. ती असं एखादंच वाक्य बोलायची.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक होती. तिरुक्करुगावूरचे एक निवृत्त मास्तर दर वर्षी वाढदिवसाला येऊन स्वतःचा फ्रेमफोटो काढून घेत. मुलांवर विश्वास नाही म्हणत, ग्रुप फोटोतून कापतील. मागच्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवून दोन्ही तपासत आणि म्हणत, "यंदाचा बरा आहे, मागचा फाडा." एका वर्षी मी भिंगातून पाहिलं आणि माझा हात थांबला. चेहरा तोच होता, पण शर्टाची कॉलर मानेपासून सुटली होती. मध्ये बोट जाईल एवढी जागा. मी म्हणालो, "मास्तर, एकदा डॉक्टरांना दाखवा." ते हसले, पण गेले. क्षयाची सुरुवात निघाली, औषधानं बरे झाले आणि पुढे अकरा फोटो काढून घेऊन मगच गेले. माणूस उतरायला लागला की चेहऱ्याच्या आधी कॉलर सांगते, हे मी त्यानंतर किती जणांना ऐटीत ऐकवलं असेल! हे लक्षात ठेवा. मला लक्षात राहिलं नाही.

दुकानाचा एक नियम होता. हललेला फोटो बाहेर जायचा नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणालं की चालेल, तरी मी त्याच्यासमोर फाडायचो. सुधानं एकदा सुट्टीला आली असताना स्वयंपाकघरात आईचा फोटो फोनवर काढला होता. अंबू नेमकी "केस विंचरले नाहींत गं" म्हणत वळली आणि सगळं फरकाटलं. सुधा हसत हसत मला दाखवायला आली. मी म्हणालो, "खोडून टाक. माझ्या घरांत असले फोटो नकोत." तिचं तोंड एवढंसं झालं. मला त्याचं काही वाटलं नाही.

कॅमेऱ्याचे फोन आले आणि धंदा बसला. त्याचं रडगाणं गात नाही, सगळ्यांनीच गायलंय. आमचं गाव देवळांचं. पूर्वी बाहेरगावचे लोक दर्शन झालं की सहकुटुंब स्टुडिओत येऊन बसायचे. आता गोपुराकडे पाठ करून हात लांब करतात, झालं काम. रस्त्यावर दर दहा पावलांना कोणीतरी स्वतःकडे बघून हसतंय. माझ्याकडे राहिले पासपोर्टवाले. त्यांना चेहरा नको असतो, फक्त कान दिसायला हवे असतात. माणसाला समोर बसवावं, दिवा जरा इकडे, हनुवटी जरा खाली, आणि चेहरा उमलेपर्यंत थांबावं, हे माझ्या आयुष्यातून गेलं. मला त्याची भूक होती. ही भूकच मला पुढे नडली.

अंबूचे गुडघे दुखायचे. चौसष्ट वर्षांची, चांगली भरलेली. डॉक्टर म्हणाले, दहा किलो कमी करा. माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, तुम्हीही. आम्ही पहाटे महामहम तलावाला फेऱ्या घालू लागलो. काठच्या सोळा मंडपांतला प्रत्येक मंडप मागे पडला की ती बोट मोडायची. फेऱ्या झाल्या की ती घरी जायची आणि मी "जरा पेपर पाहून येतों" म्हणून कोपऱ्यावर गरम मेदूवडा आणि साखर घातलेली कॉफी घ्यायचो. त्यामुळे माझं वजन जिथल्या तिथे राहिलं. तिचं उतरायला लागलं.

कल्पना माझीच. दर शुक्रवारी, न्हाऊन झाल्यावर, तिनं खाली स्टुडिओत यायचं. जमिनीवर मी चिकटपट्टीची खूण केली, राखाडी पडदा लावला. तीच लेन्स, तेच अंतर, तोच दिवा. प्रिंट काढून दर्शनी काचेत ओळीनं लावत गेलो. पहिल्यांदा ती चिडायची. "दर शुक्रवारीं काय पाहूलालांत माझ्या तोंडांत? चाळीस वर्षें पाहिलां नव्हेत?" चौथ्या-पाचव्या शुक्रवारपासून आपणहून यायला लागली. साडी बदलून, थोडी पावडर लावून.

आणि खरं सांगतो, ती सुंदर दिसायला लागली. गालाचं हाड वर आलं. हनुवटीखालची रेष मोकळी झाली. सहाव्या शुक्रवारी मी माझाच नियम मोडला. समोरचा दिवा बाजूला नेला, कारण बाजूच्या उजेडात ते हाड असं काही दिसत होतं की वर्षानुवर्षं कुठलाच चेहरा मला तसा मिळाला नव्हता. काचेसमोर लोक थांबायला लागले. बायका आत येऊन विचारायच्या, "मामी, काय खाता?" अंबू सांगायची, रात्रीचा भात सोडला, कुळथाचं रसम पिते. आमच्या रस्त्यावर घरोघरी कुळीथ शिजायला लागले. मी दारात उभा राहून सगळ्यांना ओळीनं फोटो समजावून सांगायचो.

शिंप्यानं तिची पोलकी एकदा आत घेतली, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. मी म्हणालो, छान. ती म्हणाली, "भूकच लागेना हो हल्लीं." मी म्हणालो, छान. ती तलावाच्या तिसऱ्या मंडपाशी बसायला लागली, म्हणाली पाठीत भरून येतं. मी म्हणालो, सवय होईल. एकदा ती म्हणाली, "आतां पुरे करूं का?" मी भिंगाला डोळा लावून म्हणालो, "आणखी दोन किलो उतरूं दे. मग बघ." हे वाक्य मी बोललो आहे. दुसऱ्या कोणी नाही.

एकोणिसावा फोटो काढला त्याच आठवड्यात सुधा नवरात्राला आली. फोनवर रोज आईला बघत होती, पण त्यात कपाळ आणि अर्धा पंखा एवढंच दिसायचं. रिक्षातून उतरली आणि दारात उभ्या आईला पाहून बॅग तिथेच टाकली. मी उत्साहानं तिला काचेपाशी नेलं. म्हटलं, बघ. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत गेली. एकोणीसच्या एकोणीस फोटो सोडवून तिनं पर्समध्ये घातले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तंजावरच्या मोठ्या डॉक्टरांकडे होतो.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? सुधानं फोटो टेबलावर ओळीनं मांडले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत नेलं आणि सहाव्यावर थांबवलं. "सार, इथपर्यंत पथ्य आहे," ते तमिळमध्ये हळू आवाजात म्हणाले. "इथून पुढचं पथ्य नाही." मग त्यांनी कागद उलटला, त्यावर माझा व्यवसाय लिहिला होता. तो वाचून त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. स्वादुपिंडात होतं, आणि यकृतापर्यंत पोचलं होतं. सहाव्या शुक्रवारी आलो असतो तर काय झालं असतं, हे मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. चांगला माणूस. खोटं तरी बोलायचं होतं.

अंबू त्यानंतर तीन महिने होती. शेवटी हॉलमध्येच खाट टाकली होती. एका सकाळी मी तिला कांजी भरवत होतो. दोन चमचे गेले, तिसरा तिनं हातानं थांबवला.

"माझी फ्रेम कोणची करणार?" तिनं बाजारातून काय आणणार असं विचारावं तसं विचारलं.

मी म्हणालो, "असें बोलूं नको."

"बोललें तर काय होतें? घरचाच धंदा कीं." मग दम घेऊन म्हणाली, "गाल भरूं नका. ऐकलांत? त्या तिरुनीलक्कुडीच्या माणसासारखें माझें करूं नका. कोणचाही लावा, पण मी असावें त्यांत."

मी कबूल केलं. वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

एवढी सोपी गोष्ट तिनं मागितली. एक फोटो, त्यात ती असावी. पेन्सिल लावायची नाही. मी तिच्या आयुष्यातले हजारभर फोटो काढलेले, त्यातला एक निवडायचा. चौदाव्या दिवशी खिळा ठोकला आणि निवडायला बसलो.

शेवटचे नकोत, हे उघड होतं. सहावा पाहिला. डॉक्टरांचं बोट पडलं होतं तिथे, कानशिलापाशी, बारीक खळगा. बाजूच्या दिव्यात तो मला हाडाचं सौंदर्य वाटला होता. पोलक्याच्या बाहीत आणि दंडात बोटभर जागा. मास्तरांची कॉलर दिसली होती, ही बाही दिसली नाही. मग पाचवा लावू म्हटलं. पाचवा चांगला होता. फ्रेममध्ये घातला, काच पुसली, आणि खळगा दिसला. अस्पष्ट, पण होता. चौथा काढला. तो आठवडाभर टेबलावर ठेवला. आठव्या दिवशी त्यातही दिसला. असं करत करत पावसाळ्यापर्यंत मी पहिल्या शुक्रवारला पोचलो. त्यात ती माझ्यावर चिडलेली आहे, गाल गुबगुबीत, आणि डाव्या कानशिलाला ते आहे.

मग मागे गेलो. माझ्या साठीचा समारंभ. सुधाच्या लग्नाचा अल्बम. त्यात ती होमाच्या धुरात डोळे पुसते आहे, पन्नाशीतली, गोल चेहऱ्याची. तिथे कानशिलावर एक सावली आहे. ती सावली मंडपातल्या दिव्याची आहे हे मला ठाऊक आहे, कारण तो दिवा मीच लावला होता. तरी मला खळगाच दिसतो. जेव्हा बघायचं होतं तेव्हा हा डोळा आंधळा होता. आता तो बघायचं थांबत नाही. आमच्या लग्नाच्या फोटोला मी हात लावलेला नाही. तेवढं धैर्य नाही.

कधी कधी वाटलं, पेन्सिल घ्यावी. आता तर पेन्सिलही लागत नाही, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. पण शब्द दिला होता. आणि भरलं तरी काय, खाली ते आहे हे मला माहीत असणारच.

वर्षश्राद्धाला सुधा आदल्या दिवशी आली. टेबलावर पसरलेले फोटो पाहिले, रिकामा खिळा पाहिला, आणि तिचा इतक्या दिवसांचा राग बाहेर आला. "अप्पा, फोटो शोधूलालांत कीं स्वतःस मारूलालांत? उद्यां ब्राह्मण येतील, सगळे येतील, आणि आईला भिंतींत जागा नाहीं?" मी म्हटलं, "एकही नीट नाहीं गं." ती म्हणाली, "तुमचे नीट फोटो पाहिले मी. एकोणीस पाहिले." ती रडली. मीही रडलो. इतके महिने मला रडू आलं नव्हतं.

नंतर तिनं तोंड धुतलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "हा आहे. तुम्ही खोडायला सांगितला होतां." तोच, स्वयंपाकघरातला. अंबू वळते आहे. चेहरा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला पसरला आहे, नाक कुठे, गाल कुठे कळत नाही. कुंकवाची लाल रेघ ओढल्यासारखी. हातात उलथणं आहे, त्याची तीन उलथणी झाली आहेत. तोंड उघडं, "केस विंचरले नाहींत गं" म्हणतानाचं.

मी तो भिंगाखाली पाहिला. बराच वेळ पाहिला. मग खाली जाऊन स्वतः छापला, मोठा, चौकटीत घातला आणि खिळ्याला लावला. काहीही दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी लोक आले. दारासुरम्‌च्या विणकराचा मुलगाही आला होता. तो हार घालता घालता थबकला आणि हळूच म्हणाला, "राव सार, फोटो हललाय." मी म्हणालो, माहीत आहे.

या गावात माझ्या हातचा हललेला फोटो तेवढा एकच आहे. सुधा म्हणते, तो आईसारखाच आहे म्हणून लावला. तिला तसं वाटू दे. मी रोज सकाळी त्याच्यापुढे दिवा लावतो आणि डावं कानशील असावं त्या जागी बघतो. अजून तरी मला तिथे काही दिसलेलं नाही.